व्हाळातले दोन गोटे

काकीने गडग्यापलीकडून हाक मारली, तेव्हा काळीच्या नाकातलं पीस काढून मला जेमतेम पाच मिनिटं झाली होती. पीस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. आमची काळी कोंबडी डालग्याखाली मान आखडून, अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती.

‘झिला, तुमची काळी खुडूक बसली म्हणतत. खरा काय?’

‘होय,’ मी म्हणालो. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली.

काकी म्हणजे सख्खी काकी नव्हे. भावकीतली, शेजारची, सत्तरीला टेकलेली, एकटी राहणारी. आमच्या दोन परड्यांमध्ये, म्हणजे परसांमध्ये, छातीइतका उंच चिऱ्यांचा गडगा आहे. एका जागी त्याचे वरचे चिरे पडलेत, तिथून ती दिवसातून चार वेळा आमच्याकडे यायची. पण गेले आठ दिवस तिने गडगा ओलांडला नव्हता. तिच्या कोंबड्यांना मर लागली होती. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून गोल गोल फिरायची आणि दुसऱ्या दिवशी माडाखाली तिच्यासाठी खड्डा काढावा लागायचा. आठवडाभरात खुराडं रिकामं झालं. ज्याच्या घरी मर, त्याने दुसऱ्याच्या परड्यात पाय टाकायचा नाही, हा आमच्या वाडीचा दंडक. मर माणसाच्या पायाबरोबर जाते. काकीला हे कुणी सांगायला लागलं नाही. पहिली कोंबडी गेली त्या दिवसापासून ती आपणहून पलीकडे थांबू लागली, तीही गडग्यापासून चार हात मागे.

तिच्या कोंबड्या उघड्या मानेच्या. लग्नात तिच्या बापाने खारेपाटणहून डालग्यात घालून दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, दिल्या होत्या, त्यांचीच ही पिढ्यान्‌पिढ्यांची वीण. वाडीत ही जात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, कारण कुणी कधी मागितलीच नाही. दिसायला त्या निम्म्या सोलून सोडून दिल्यासारख्या दिसतात. मी लहानपणापासून त्यांच्यावर विनोद करत आलोय, आणि काकी प्रत्येक वेळी म्हणायची, ‘हसा रे, अंडी खाताना बरी गॉड लागतत.’

आता त्यातलं काय उरलं होतं, तर मर यायच्या आधी जमवलेली अकरा अंडी. मडक्यात, भाताच्या तुसात पुरून ठेवलेली.

‘आज आठवो दीस,’ ती म्हणाली. ‘दहाच्या वर अंड्यात जीव रवणा नाय. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांक इचारलंय, वाडयेत दुसरी खुडूक कोंबडी नाय. तुझी एकटीच.’

दुसरी असणार कुठून? मरीच्या भीतीने निम्म्या वाडीने कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या.

आता ते पीस माझ्या खिशात कसं आलं, ते सांगायला हवं. माझी बायको त्या आठवड्यात आरोंद्याला माहेरी होती, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. जाताना तिने मला ज्या सूचना दिल्या त्यात शेवटची काळीबद्दल होती. ‘पावसात एकदा बसली हा ती. अंगार मांस रवला नाय. परत खुडूक झाली तर बसवू नकात, मोडा तिची खुडूक.’ भातकापणी उरकली आणि काळी मांगरातल्या, म्हणजे घरामागच्या खोपीतल्या, तिच्या जुन्या पाटीत जाऊन बसली ती उठेचना. खुडूक मोडायचे आमच्याकडे दोन उपाय. एक, कोंबडीला थंड पाण्यात बुडवून काढायचं. दुसरा, तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आरपार घालून ठेवायचं, म्हणजे ते काढण्याच्या नादात ती अंडी विसरते. शहाणा माणूस यातला एक करतो. मी हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुतो. पण तीस वर्षं धुतल्यावर माणसाला आपणही थोडे शास्त्रज्ञ आहोत असं वाटायला लागतं. मी दोन्ही केले. दिवसातून तीनदा बादली आणि मधल्या वेळात पीस. सलग तीन दिवस. वहीत वेळासुद्धा लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नववी बादली झाल्यावर, काळी अंडी विसरली असेल-नसेल, पण बाकी सगळं विसरल्यासारखी दिसायला लागली. घाबरून मी पीस काढलं, आणि तेवढ्यात ती हाक आली.

‘माका थय येवचा नाय,’ काकी म्हणाली. ‘तू बघ आणि सांग. हात घातल्यार चोचता?’

मघाशी मी काळीसमोर हातच काय, डोकं ठेवलं असतं तरी तिने पापणी उचलली नसती. ‘चोचता,’ मी म्हणालो.

‘गुरगुरता?’

‘गुरगुरता.’

‘पोटाखाली ऊन लागता?’

‘लागता.’ एवढं एक खरं होतं.

‘नाक-डोळे सुके आसत?’

काळीच्या एका नाकपुडीवर बुडबुडा येत होता. ‘सुके,’ मी म्हणालो.

काकीने पदराने तोंड पुसलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. ‘मगे खुडूकच ती. सांजचे अंडी घालूया,’ ती म्हणाली आणि अंडी पुसायला घरात गेली.

मी खोटं बोललो. बावन्न वर्षांचा माणूस. कोंबडीला नऊ वेळा बादलीत बुडवलं हे त्या बाईला सांगायची लाज वाटली, आणि ‘नाही’ म्हणून तिचा चेहरा बघायचीही तयारी नव्हती. पण काकी घरात गेल्यावर मी हिशेब करायला लागलो. काळी आजारी असली आणि मध्येच अंडी टाकून उठली, तर अकराच्या अकरा गार पडून जाणार होती. आणि वाट बघत बसलो, तर दहावा दिवस उजाडणार होता. त्यात आणखी एक शंका मला उभं राहू देईना. काळीची ही दशा माझ्या बादलीमुळे झाली होती, की मर गडगा ओलांडून आमच्याकडे आली होती?

डालगं उचलून मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. खुडूक कोंबडी आणि दुखणाईत कोंबडी लांबून एकसारख्या दिसतात. दोघी अंग फुगवतात, दोघी खात नाहीत, दोघींचा तुरा फिकट पडतो. जवळून बघितल्यावर फरक कळतो म्हणतात, पण तो कळणाऱ्या माणसाला. मला जवळूनही एक कोंबडीच दिसत होती. शेवटी घरातला थर्मामीटर आणला आणि तिच्या पंखाखाली धरला. त्याने पीक्‌ केलं. एकशे सहा.

रेंजसाठी काजूच्या झाडाखाली जाऊन मी तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. सरकारी माणूस म्हटल्यावर माझी भाषा आपोआप इस्त्री करून बाहेर पडते.

‘नमस्कार डॉक्टर. एकशे सहा ताप आहे.’

‘कोणाला?’ ते दचकलेच.

‘कोंबडीला.’

 ते म्हणाले, ‘मग बरोबर आहे. कोंबडीचं अंग तेवढंच गरम असतं.’ नंतर त्यांनी नीट चौकशी केली. शेजारी मर आहे का, मान वाकडी होते का, तोंड उघडून श्वास घेते का. ‘तुम्ही काही उपचार केलेत?’

‘नाही. म्हणजे, नाकात पीस घातलं होतं.’

‘आणखी?’

‘पाण्यात बुडवलं. थोडं.’

थोडं म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही, समजले असावेत. नाक कोमट पाण्याने पुसा म्हणाले, अंग कोरडं करा, बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, आणि उद्यापर्यंत तिची शीट बघा. हिरवी-पांढरी, पातळ दिसली तर लगेच कळवा; मग तुमच्या खुराड्याचंही बघावं लागेल. खुडूक कोंबडी दिवसाकाठी एकदाच उठते आणि एकच मोठी, भयंकर वासाची शीट टाकते. शेजारची अंडी मरीच्या आधीची आणि स्वच्छ असली तर ठेवून बघा, खात्री मात्र मी देणार नाही. ‘पण आज ठेवू नका. आधी कोंबडी ओळखा.’

फोन ठेवतो न ठेवतो तोच बायकोचा आला. तिच्या आईचा डोळा उत्तम होता. मी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने काढून घेतलं.

‘किती वेळा बुडवलात तिका?’

‘तीन.’

‘तीन दिसांत तीन?’

‘दिसाक तीन.’

  ‘आणि ताप खंयच्या थर्मामीटरान बघलात?’

‘घरातल्या.’

‘बरा. तो आता तुमचोच,’ ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘काकीक खरा सांगा. तिका थयसून दिसणा नाय म्हणान ती तुमच्या डोळ्यांनी बघता हा. तुमी खोटा सांगलात तर ती बघतली कशी?’

उन्हं गडग्यावरून उतरायला लागली तेव्हा काकी टोपली घेऊन आली. पलीकडच्या चिऱ्यावर तिने ती अलगद ठेवली आणि दंडकाप्रमाणे चार हात मागे सरली. आत तुसावर अकरा अंडी होती, प्रत्येकावर कोळशाची बारीक रेघ.

‘काकी,’ मी म्हणालो, ‘मघाशी मी खोटा सांगलंय.’

खिशातलं पीस काढून मी तिला दाखवलं. बादलीचंही सांगितलं, वहीतल्या वेळांसकट. काळी चोचत नाही, गुरगुरत नाही, नाकाला पाणी आहे. एका दमात सगळं ओकून टाकलं. काकी उभी होती ती गडग्याला हात धरायला पुढे आली, दंडक आठवला तशी थांबली, आणि मग मागच्या माडाच्या बुंध्याशी जाऊन बसली.

‘नऊ वेळा?’

‘नऊ.’

‘शिरा पडो तुझ्या हातार,’ ती हळूच म्हणाली. ‘म्हशीक बुडवली आसतंस तर म्हस मेली आसती.’

 शिव्या आणखी आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती टोपलीकडे बघत बसली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

‘डाक्तर बरोबर सांगता,’ ती म्हणाली. ‘पण उद्या शीट बघून परवा अंडी घालशीत तर दहा दीस जातले. माका उद्या सकाळी कळाक व्हया.’ तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग उठली. ‘व्हाळात जा. दोन गोटे हाड, गुळगुळीत, अंड्याएवढे. काळीक कोरडी कर, तिच्या मांगरातल्या पाटयेतच बसव, आणि गोटे पोटाखाली सार. खुडूक आसली तर गोट्यार पण बसतली. खुडूक कोंबडयेक खाली काय आसा तेचा सोयरसुतक नसता. दुखणाईत कोंबडी स्वतःपुरती बसता, ती गोटे बाजूक टाकतली. सकाळी उठान गोट्यांक हात लाव. ऊन लागले तर अंडी घालूया.’

‘आणि गार लागले तर?’

तिने टोपली उचलली. ‘गार लागले तर माका हाक मारू नको. माझा माका समजात.’

व्हाळाचं, म्हणजे आमच्या ओढ्याचं, पाणी तेव्हा आटत आलेलं असतं. मी घोट्याभर पाण्यात उभा राहून गोटे निवडत होतो आणि प्रत्येक गोटा हातात घेऊन ‘हा अंड्यासारखा आहे का’ हे कोंबडीच्या नजरेने ठरवायचा प्रयत्न करत होतो. पैलतीरावरून गुरं घेऊन जाणाऱ्या एकाने विचारलं, काय हरवलं. मी म्हणालो, काही नाही. घरी येऊन काळीचं नाक पुसलं, जुन्या पंच्याने अंग पुसलं आणि तिला चुलीच्या उबेला धरून बसलो. तिने माझ्याकडे एकदाच डोळा उघडून पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. मांगरात नेऊन पाटीत ठेवली, दोन गोटे पोटाखाली सारले आणि दार ओढून घेतलं. तिने गोट्यांची दखलही घेतली नाही. एक तर बाहेरच घरंगळला. तो मी परत आत सारला.

सकाळी फटफटलं आणि मी मांगराशी गेलो. दार उघडताच पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे रिकामी पाटी. काळी पाटीत नव्हती. ती खाली, दाराशेजारी उभी होती, अंग फुगवून.  गडग्याकडे बघायचं धाडस झालं नाही, कारण काकी पलीकडे उभी असणार हे बघायला नजरेची गरज नव्हती.

मग मला वास आला. तसा वास मी प्रयोगशाळेतही घेतलेला नाही, आणि तिथे अंडी कुजल्यासारख्या वासाचा वायू आम्ही मुद्दाम तयार करतो. दारामागे एक शीट पडली होती, लिंबाएवढी, घट्ट, तपकिरी. हिरवी नव्हती, पातळ नव्हती. मी तिच्याकडे वाकून, पार नाक खाली नेऊन बघत असतानाच काळी माझ्या पायाजवळून करवंटीतल्या पाण्याकडे गेली. घटाघटा प्यायली, पेजेतले चार दाणे घाईघाईने उचलले, जणू वाट बघणारी मुलं घरात टाकून आलीय, आणि टुणकन पाटीत चढली.

गोट्यांना अजून हात लावायचा होता. मी हात तिच्या पोटाखाली घातला. गोटे भाकरीसारखे ऊन होते. आणि त्याच क्षणी तिच्या घशातून एक लांब, रागीट गुरगुर आली आणि माझ्या मनगटावर अशी चोच बसली की मी ‘आई गे’ म्हणून मागे बसलो.

मी तसाच हात वर धरून परड्यात आलो. काकी गडग्यापलीकडे, चार हात मागे. टोपली तिच्या कडेवर होती, मूल घ्यावं तशी.

‘चोचल्यान?’ तिने विचारलं.

मी मनगट दाखवलं.

‘हयसून दिसणा नाय. रगत इला?’

‘इला.’

‘खरा सांगतंस?’

‘काकी, बघ गो,’ म्हणून मी हात गडग्यावर लांब केला. तिने मान पुढे करून, डोळे बारीक करून नीट पाहिलं. माझ्या रक्ताकडे कुणी इतक्या मायेने बघितल्याचं मला आठवत नाही. मग तिने टोपली चिऱ्यावर ठेवली, मागे सरली आणि पदर डोळ्यांना लावला. ‘घाल बाबा. बिगी बिगी घाल.’

टोपली मीच उचलली, ती घाईत. कडेचं एक अंडं घरंगळलं आणि चिऱ्यावर फुटलं. पिवळा बलक पाझरत खाली गेला.  मला वाटलं, आता ती बोलेल ते मी जन्मभर ऐकून घेईन.

‘दहा रवली,’ ती म्हणाली. ‘सम अंडी रवणीक घालू नयेत. कोंबडी बसणा नाय.’

‘मग एक काढूया?’

‘काढशीत तर बघ.’ तिने मांगराकडे बोट केलं. ‘एक गोटो तसोच ठेव. अकरा झाली.’

अशी दहा अंडी आणि व्हाळातला एक गोटा घेऊन काळी बसली. पाटीच्या तळाशी मी कोळसा आणि खिळा ठेवला, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. यामागचं शास्त्र मला माहीत नाही, पण त्या तीन दिवसांनंतर माझ्या शास्त्राबद्दल मी फार बोलत नाही. बायको परत आल्यावर तिने आधी काळीला उचलून बघितलं, मग मला. काळीच्या अंगावर मांस नव्हतंच. म्हणून रोज सकाळी ती उठायच्या वेळेला भिजवलेले तांदूळ आणि ओल्या खोबऱ्याचा चुरा घेऊन हजर राहायचं काम माझ्याकडे आलं. रोज ती खायची आणि रोज मला चोचायची. काकी रोज गडग्यापलीकडून विचारायची, ‘चोचल्यान?’ मी हात दाखवायचो. तिच्या परड्यात चुना मारलेला, खुराडं उन्हात उलटं टाकलेलं. रिकाम्या परड्यात तिला दुसरं काम नव्हतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी पाटीतून बारीक आवाज आले. दुपारपर्यंत सात पिल्लं बाहेर आली. उरलेली तीन अंडी गप्पच राहिली, ती काढून टाकली. मी गडग्याशी जाऊन हाक मारली. काकीने दारातल्या दगडावर दोन्ही पाय घासून धुतले, चपला तिथेच काढल्या, धुवून वाळवलेलं पातळ नेसून आली आणि पडक्या जागेतून गडगा ओलांडला. एकोणतीस दिवसांनी.

ती पाटीशी बसली. काळीने तिच्यावर गुरगुर केली नाही, याची मी नोंद घेतली. काकीने एकेक पिल्लू ओंजळीत घेतलं, मानेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवलं. चार पिल्लांच्या माना उघड्या होत्या. तिने ती चार वेगळी केली, पुन्हा मोजली, आणि परत काळीच्या पंखाखाली सारली.

आमच्याकडची रीत अशी की एकाची अंडी, दुसऱ्याची कोंबडी, तर पिल्लं निम्मी-निम्मी. मी म्हणालो, ‘काकी, माका एकय नको. सगळी तुझीच.’

‘रीत ती रीत,’ ती म्हणाली. ‘सात पिल्लां आणि एक गोटो. आठ झाली. चार माझी. तीन पिल्लां आणि गोटो तुझो.’

बायको मागे उभी राहून हसत होती. पिल्लं पाटीतून खाली उतरून धडपडत होती, पण काळी उठायचं नाव घेत नव्हती. तिच्या मते एक अंडं अजून फुटायचं होतं.

‘काढ तुझो वाटो,’ काकी म्हणाली, ‘नायतर बसतली ती शिमग्यापर्यंत.’

मी बाही वर केली आणि हात आत घातला.